उजव्या पानावरची सातवी ओळ

आमच्या देवळातली बाप्तिस्म्याची जुनी वही चोरीला गेली असती तर मी एवढी चिडले नसते. चोराला निदान ठाऊक असतं की आपण चोरी करतोय. ही वही आमच्याच माणसांनी शालीत गुंडाळून, वर नारळ ठेवून, हात जोडून परक्याच्या हवाली केली आणि फोटोसुद्धा काढून घेतला. त्या फोटोत सगळे हसतायत. इतकी वर्षं झाली, तरी तो फोटो कुणी समोर धरला की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

कोल्हारवरून आत वळलं आणि प्रवरेच्या कडेकडेनं उसातून तासभर चाललं की आमचं गाव लागतं. ख्रिस्ती घरं थोडी, एका गल्लीत मावतील एवढी. चर्चला आम्ही देऊळच म्हणतो. काळ्या दगडाचं, कौलारू. आत बाकं नाहीत, सतरंज्या अंथरायच्या. चपला बाहेर काढायच्या, बाया एका बाजूला, बाप्ये एका बाजूला, आणि पेटी-ढोलकीवर गाणी म्हणायची. दारावरच्या पाटीवर विलायतेतल्या ज्या पाद्र्यानं ते बांधलं त्याचं नाव आहे. दगड कुणी वाहिले, चुना कुणी मळला, ते पाटीवर नाही. पाटीचं मी कधीच सोडून दिलं होतं. ज्यानं पैसा आणला त्याचं नाव दगडावर, आणि ज्यानं दगड आणला त्याचं कुठंच नाही, हे सगळीकडंच चालतं.

पण आमच्याकडं ती माणसं वहीत होती. वही म्हणजे हातभर लांबीचं, चामड्याच्या पुठ्ठ्याचं बाड. उघडली की समोरासमोरच्या दोन्ही पानांवरची एकेक ओळ मिळून एक नोंद. डाव्या पानावर पाद्रीसाहेब इंग्रजीत लिहायचा: तारीख, मुलाचं नाव, आणि आपली सही. उजव्या पानावर गावातला मास्तर मराठीत लिहायचा: आईचं नाव, बापाचं नाव, गाव, काम काय करतात, साक्षीला कोण उभं होतं. साहेबाला मराठी लिहिता येत नव्हतं आणि मास्तराला इंग्रजी, म्हणून ही वाटणी.

माझी आई त्या वहीत उजव्या पानावर वरून सातव्या ओळीत होती. खरं म्हणजे आईची आई. दुष्काळात खडी फोडायच्या कामावर एक पोटुशी बाई आली होती. ती देवळाच्या ओसरीत बाळंत झाली आणि दोन दिवसांनी गेली. जायच्या आधी मास्तराच्या बायकोला तिनं आपलं नाव सांगितलं, गाव सांगितलं. नवऱ्याचं नाव विचारलं तर मरतानाही तिला ते घ्यायची लाज वाटली, म्हणून बापाचा रकाना कोरा राहिला. कामाच्या रकान्यात मास्तरानं 'खडी फोडणे' असं लिहिलं. तिचं नाव मी इथं लिहीत नाही. ते आईचं आहे, छापून वाटायला माझं नाही.

बाळाला गल्लीतल्या एका जोडप्यानं वाढवलं. शाळेत घातलं नाही, शेळ्यांमागं धाडलं. आणि गाव ते गावच. कुणाशी भांडण झालं की पहिला वार ठरलेला: 'तू तर ओसरीत सापडलेली.' आई उलटून शिवी द्यायची नाही. एवढंच म्हणायची, 'सापडलेली न्हाई. वहीत बघ.' अक्षर वाचता न येणाऱ्या बाईचा सगळा पुरावा त्या एका ओळीत होता. आपल्यालाही आई होती, तिला नाव होतं, ती कष्ट करून खात होती, हे सांगणारं दुसरं काहीही जगात नव्हतं. ना फोटो, ना थडगं. त्या दुष्काळात पुरलेल्यांवर कुणी दगडसुद्धा ठेवला नाही.

दर साली ज्वारी निघाली की देवळाचा सण असतो. कणसांच्या पेंढ्या पुढं मांडतात, गाणी होतात, आणि मग जुनी वही काढून तिची पानं मोठ्यानं वाचायची. ही आमच्याच देवळाची रीत, शेजारच्या गावात नाही. ज्याच्या घरची ओळ येईल त्यानं उठायचं, पुढं जाऊन त्या ओळीवर बोट टेकवायचं आणि परत जागेवर बसायचं. सगळी पानं होईस्तोवर दुपार कलते, पोरं सतरंजीवर झोपून जातात. आई त्या दिवशी ठेवणीतलं लुगडं नेसायची. 'लग्नात नटली न्हाईस एवढी,' असं वडील तिला चिडवायचे. तिची पाळी आली की ती सावकाश उठायची, सातव्या ओळीवर बोट ठेवायची आणि क्षणभर डोळे मिटायची. मी लहानपणापासून हे बघत आले.

नव्वद सालानंतरची गोष्ट. वडील वारले होते, मी गावातल्याच शाळेत शिक्षिका होते आणि आई माझ्याजवळ होती. तिनं सत्तरी गाठली होती. हिवाळा सरता सरता, त्या सालचा सण उरकल्यावर, पाद्रीसाहेबाच्या गावचं एक म्हातारं जोडपं आलं. नवरा तिकडचा शाळामास्तर, निवृत्त झालेला, आपल्या गावचा इतिहास लिहीत होता. माणसं वाईट नव्हती, खोटं कशाला बोलू. खाली मांडी घालून बसले, आमटी ओरपून प्यायले, आईच्या पाया पडू की काय असे वाकले. पहिल्या दिवशी दुभाषी मीच होते. वहीचं डावं पान बघून त्या म्हाताऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं. हे आमच्या माणसाचं अक्षर, म्हणाला, आणि विचारलं की याची प्रत मिळेल का. मी म्हटलं, मिळेल की. कोल्हारच्या फाट्यावर तेव्हा झेरॉक्सचं मशीन आलं होतं. उद्या वही टेम्पोत घालून न्यायची, पानं काढायची आणि वही परत देवळातल्या कुलपाच्या पेटीत ठेवायची, असं ठरलं.

दुसऱ्या दिवशी मला शाळेच्या प्रशिक्षणाला तालुक्याला जावं लागलं. संध्याकाळी परत आले तर आई उंबऱ्यावर बसलेली. चूल पेटलेली नाही, हातात रिकामी कळशी.

'वही गेली म्हनं,' ती म्हणाली.

'झेरॉक्सला गेली असेल.'

'न्हाई. पावन्यांच्या गाडीतनं गेली. नळावर सांगत हुत्या.'

आमचे पाळक, म्हणजे आताचे पाद्री, महिन्यातून एकदा मोटारसायकलवर येतात, त्यांच्याकडं पाच गावं. बाकीचे दिवस देवळाचा कारभार सेक्रेटरीच्या हातात. हे सेक्रेटरी साखर कारखान्यात वजनकाट्यावर क्लार्क होते. निवृत्त झाले आणि उसाच्या गाड्या अडवायची सवय त्यांनी देवळात आणली. पेटीची किल्ली त्यांच्या जानव्याला असती, जानवं असतं तर. मी पिशवीसुद्धा खाली न ठेवता त्यांच्या दारात गेले.

'या बाई,' ते म्हणाले, खुशीत होते. 'लई रंग भरला आज. तुमी पायजे हुत्या.'

'वही कुठंय?'

'दिली की. पावन्याला रिकाम्या हातानं धाडायचं व्हय? शाल नारळ तर समदेच देत्यात. त्येंच्या मानसाचं अक्षर, त्येंनाच दिलं. म्हातारं न्हाई न्हाई म्हनत हुतं, मीच म्हनलं, टेक, टेक, गिफ्ट.'

'त्यांना झेरॉक्स द्यायची ठरली होती.'

'झेरॉक्स काय द्यायची मानसाला? ती काय भेट असती?' मग माझा चेहरा बघून त्यांनी सूर बदलला. 'आनि बाई, वाळवी लागत हुती.'

'लागली होती का?'

'लागली असती.'

मी काय बोलले ते सगळं लिहिण्यासारखं नाही. आयजीच्या जिवावर बायजी उदार, हे मात्र मी तीनदा बोलले. द्यायचंच होतं तर स्वतःच्या घरातला पितळेचा गंज द्यायचा होता, रेडिओ द्यायचा होता. वही काय त्यांच्या बापानं लिहिली होती? बरं, पंच कमिटीतले बाकीचे चौघं तिथंच ओट्यावर होते. त्यातला एक हळूच म्हणाला, 'बाई, आता दिल्याव मागायचं कसं? गावाची शोभा हुईल.' बघा म्हणजे. गावाची अब्रू पाहुण्यापुढं जायला नको, घरच्या म्हातारीची आई गेली तरी चालेल. त्यांना खरंच तसं वाटत होतं, आणि मला तेच सहन होत नाही. लबाडी असती तर भांडता आलं असतं. या चांगुलपणाशी कसं भांडायचं?

मी विलायतेला पत्र टाकलं. भेट चुकून दिली गेली, वही दर साली वाचली जाते, कृपा करून परत पाठवा. सांगायला लाज वाटते, पण हे चार ओळींचं इंग्रजी लिहायला मला दोन दिवस लागले. उत्तर यायला उन्हाळा उजाडला. सोबत त्यांच्या गावची एक छापील पुस्तिका होती.

ती पुस्तिका मी पाठ होईस्तोवर वाचली. गाव आमच्याहून लहान. चर्च कित्येक शतकांचं. आजवर कोण कोण पाद्री होऊन गेले त्यांची यादी लाकडी फळ्यावर. स्मशानातल्या एकेका दगडावर काय लिहिलंय ते कुणीतरी पावसात उभं राहून उतरवून घेतलेलं. घोड्यांना पाणी पाजायचा जुना हौद आहे, त्याला पाटी. एक हापसा आहे, पाणी येत नाही, त्याला पाटी. कुठल्याशा बाईला एका बाकावर बसायला आवडायचं, तर त्या बाकावर तिचं नाव. वाचताना मला एकदा कौतुक वाटायचं आणि एकदा संताप यायचा. आपल्याकडचं एक खुंटाळंसुद्धा न टाकणारी ही माणसं, यांना दुसऱ्याची आख्खी वही घेऊन जाताना काहीच वाटलं नसेल? आणि आमची ती तऱ्हा. सांभाळायची अक्कल सगळी तिकडं, आणि वाटून टाकायची हौस सगळी इकडं.

पुस्तिकेच्या शेवटच्या पानावर आमची वही होती. काचेच्या पेटीत, उघडी ठेवलेली. डावं पान स्वच्छ दिसत होतं. उजव्या पानावर पाद्रीसाहेबाचा फोटो टेकवून उभा केला होता.

पत्रात लिहिलं होतं की वही इथं सुखरूप आहे. गावच्या कमिटीत चर्चा झाली, आमच्या उदारपणाबद्दल सगळ्यांना भरून आलं, आणि वही दोन्ही गावांचा वारसा आहे असं ठरलं. ठरवायला आम्हाला बोलावलं नव्हतं. कुठल्या पानाची प्रत हवी असेल तर आनंदानं पाठवू, असंही होतं. झेरॉक्स त्यांना द्यायची ठरली होती, आता ती आम्ही मागायची.

मागितली. काय करणार? आईच्या बाप्तिस्म्याची तारीख लिहिली, ते पान पाठवा म्हटलं. मधल्या काळात नळावर शेजारणीशी आईची बादली लावण्यावरून कुरबुर झाली आणि ती बाई नेहमीचं बोलून गेली. आई सवयीनं म्हणाली, 'वहीत बघ.' त्यावर ती हसली. 'आता कुठं बगू मावशे? विमानानं जाऊ का?' आई बादली न भरता घरी आली. त्यानंतर ती नळावर गेली नाही. मी शाळेतून आल्यावर पाणी भरायचे. मी शेजारणीच्या दारात जाऊन तिला चांगलं सुनावलं, पण त्यानं आईचं काय भरून येणार होतं?

पावसाळा संपता संपता जाड पाकीट आलं. आईनं हात धुतले, लुगड्याला पुसले आणि कागद मांडीवर घेतला. छान, लख्ख प्रत होती. तिनं उजवीकडं बोट नेलं, ते कागदाबाहेर जमिनीवर गेलं. परत आत आणलं. वरून ओळी मोजल्या. मग माझ्याकडं बघून म्हणाली, 'ही तर सायबाची बाजू हाय. माझी बाजू कुठं हाय?'

त्यांनी डाव्या पानाचीच प्रत काढली होती. उजव्या पानावर त्यांना वाचता येईल असं काही नव्हतं, म्हणून त्यांच्या लेखी तिथं काही नव्हतंच. मी कपाळाला हात लावला. आई बराच वेळ तो कागद उलटासुलटा करत राहिली, मागच्या बाजूला तरी असेल म्हणून. 'ह्याच्यात माझी आई न्हाई,' ती म्हणाली आणि कागद घडी घालून मला परत दिला. मी त्या दिवशी रडले, खोटं कशाला सांगू, आणि रडता रडता तिसरं पत्र लिहिलं. त्याला उत्तर म्हणून नाताळात बर्फाच्या चित्राचं कार्ड आलं. मध्ये छापील शुभेच्छा, खाली दोघांच्या सह्या, बाकी काही नाही.

मग ज्वारी निघाली आणि देवळाचा सण आला. सेक्रेटरींनी पुस्तिकेतलं वहीचं चित्र फ्रेम करून आणलं होतं. ते वेदीजवळ लावायचं, सातासमुद्रापार आपलं नाव गेलं यावर भाषण करायचं आणि मग जेवणं, असा बेत. मी जाणारच नव्हते. आई मात्र सकाळी ठेवणीतलं लुगडं नेसून तयार. मी म्हटलं, 'आई, वाचायला वहीच नाही, कशाला जायचं?' ती म्हणाली, 'सन हाय. चल.'

गाणी झाली. पेंढ्या वाहून झाल्या. सेक्रेटरी फ्रेम घेऊन उठले, दोनचार वाक्यं बोललेही. तेवढ्यात आई उभी राहिली.

'पानं वाचायची ऱ्हायली,' ती म्हणाली.

'मावशी, वही न्हाई. काय वाचू?'

'मग तू बस.'

ती पुढं गेली. हात पदरात, नजर खाली सतरंजीवर. आणि तिनं सुरुवात केली. पहिली ओळ. आईचं नाव, बापाचं नाव, गाव, काम, साक्षीला कोण. अगदी मास्तरानं लिहिलं होतं तसंच, त्याच क्रमानं. मग दुसरी. आपली पाळी यायची वाट बघत ती या ओळी साठ-पासष्ट वर्षं ऐकत आली होती, त्या तिच्यात मुरल्या होत्या, तिलाही माहीत नसेल एवढ्या. तिसऱ्या ओळीला मागं कुणीतरी उठलं. चौथीला एक आख्खं घर उठलं, सुनांसकट. सातव्या ओळीवर ती थांबली नाही, आवाजही चढवला नाही. आपल्या आईचं नाव घेतलं, गाव घेतलं. बापाचं नाव, कोरं. काम, खडी फोडणे. आणि पुढं आठवी.

नववी ओळ नळावरच्या त्या शेजारणीच्या सासऱ्यांची होती. आईनं तीही पुरी सांगितली, एक शब्द गाळला नाही. शेजारीण उठली. उठावंच लागलं. बोट टेकवायला पुढं काही नव्हतं, म्हणून ती नुसतीच उभी राहिली आणि पदर तोंडाला लावून परत बसली. आईनं ते पान संपवलं, पुढचंही जवळजवळ संपवलं, आणि 'हितनं फुडं मला नीट याद न्हाई, ज्याचं त्यानं सांगा,' म्हणून जागेवर येऊन बसली. सेक्रेटरी फ्रेम मांडीवर घेऊन बसले होते, चित्राची बाजू खाली.

जेवणं उरकल्यावर ते आमच्याकडं आले. मी हात धुवत होते. त्यांच्या काखेत कोरी, लांब, जाड पुठ्ठ्याची वही होती. कोल्हारहून कधी आणली कोण जाणे, मधल्या वेळात कुणाला तरी पिटाळलं असणार. मांडी घालून आईसमोर बसले. त्यांचा नेहमीचा वजनकाट्यावरचा आवाज पार बसला होता.

'मावशी, चुकलं माझं,' म्हणाले. 'आता तुमी सांगा, बाई लिवून घेत्याल. समदं पयल्यासारखं हुईल. तुमी हाय तवर हुईल ते.'

मी पेन उघडलंसुद्धा होतं. शिक्षिकाच मी, लिहून ठेवावं हेच मला सुचणार. आईनं माझ्या हातातलं पेन घेतलं, त्याला टोपण लावलं आणि माझ्याच पर्समध्ये ठेवून दिलं. मग त्यांच्याकडं बघून अगदी शांतपणे म्हणाली, 'न्हाई सांगत. लिवून ठिवलं की तू परत कोनाला तरी देशील.'